नेट्रिन ‘ये’ म्हणतं की ‘जा’? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मेंदूतल्या जोडणीवर लिहिताना नेट्रिन नावाच्या प्रोटीनचा जेमतेम चार ओळींत उल्लेख केला होता, की वाढत्या मज्जातंतूंना वाट दाखवणारं हे प्रोटीन पेशींच्या बाहेरच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे पेशींभोवतीच्या जाळ्यात, असतं आणि २०१४ साली त्याची क्रिस्टल रचना सापडली, बस्स एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी घरातल्या आजारपणाबद्दल लिहिलंय त्यांची नावं अर्थातच काढलीत.

आम्हाला परीक्षेत न्यूरॉनची आकृती काढून नावं द्यायची असतात, पण ॲक्सॉनला कसं कळतं की कुठे जायचंय? आणि क्रिस्टल बघून त्यात नवीन काय समजलं?
*— बारावीची विद्यार्थिनी, लातूर*

पुस्तकातला न्यूरॉन आयता जोडलेलाच दाखवतात, त्यामुळे हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच येत नाही, तुझ्या आला हे बरं झालं. खरं तर गर्भात न्यूरॉन एका जागी जन्मतो आणि मग तिथून एक बारीक धागा बाहेर काढतो, तो म्हणजे ॲक्सॉन, आणि हा धागा वाढत वाढत असंख्य पेशी ओलांडून नेमक्या आपल्या जोडीदारापर्यंत पोचतो. धाग्याच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला तो १८९० साली कोंबडीच्या गर्भात दिसला. त्याच्याकडे होते फक्त रंगवलेले काप आणि साधा मायक्रोस्कोप, जिवंत हालचाल बघायची सोयच नव्हती, तरी त्याने ओळखलं की हे टोक चाचपडत पुढे सरकत असणार, आणि दोनेक वर्षांत अंदाजही बांधला की काही पेशी एखादं रसायन सोडत असतील आणि ते या टोकाला खेचत असेल. पुरावा मिळायला पुढे शंभर वर्षं गेली.

पुरावा आला तो एका मिलिमीटरभर लांबीच्या अळीकडून. सी. एलिगन्स नावाच्या या अळीत अवघे ३०२ न्यूरॉन असतात. सिडनी ब्रेनर यांनी हिच्या वेड्यावाकड्या चालणाऱ्या म्यूटंट अळ्या गोळा करून त्यांना अन्क, म्हणजे तालमेळ नसलेल्या, असं नाव दिलं होतं. १९९० साली हेजकॉक, कुलोटी आणि हॉल यांनी दाखवलं की त्यातले तीन जीन, अन्क-५, अन्क-६ आणि अन्क-४०, बिघडले की ॲक्सॉनना वर-खाली जायची दिशाच समजत नाही. १९९२ मध्ये कळलं की अन्क-६ पासून बनणारं प्रोटीन लॅमिनिनच्या घराण्यातलं आहे, आणि लॅमिनिन म्हणजे पेशींखालच्या अस्तरातलं, मॅट्रिक्समधलं ओळखीचं प्रोटीन.

तिकडे अमेरिकेत मार्क टेसिए-लाविन्य यांच्या लॅबमध्ये दुसऱ्याच टोकाकडून काम चालू होतं. मज्जारज्जूतले काही ॲक्सॉन पाठीच्या बाजूने निघून पोटाच्या बाजूला येतात आणि मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात, त्यांना मध्यरेषेवरच्या पेशी बोलावतात असं १९८८ मध्ये दिसलं होतं, पण बोलावणारा पदार्थ कुठला ते ठाऊक नव्हतं. कोंबडीच्या गर्भांचे हजारो मेंदू गोळा करून, गाळून, वेगळं करत करत १९९४ साली त्यांनी तो पकडला आणि नेतृ या संस्कृत शब्दावरून त्याला नेट्रिन म्हटलं. तो निघाला अळीतल्या अन्क-६ चाच भाऊबंद! म्हणजे अळी आणि कोंबडी, आणि अर्थात आपणही, एकाच वाटाड्यावर चालतो.

आता नेट्रिनला पकडायला ॲक्सॉनच्या अंगावर रिसेप्टर हवा. त्याचं नाव डीसीसी, आणि तो आधी सापडला होता आतड्याच्या कॅन्सरमध्ये, १९९० साली, कारण त्या गाठींमध्ये १८ नंबरच्या क्रोमोसोमचा तो तुकडा बऱ्याचदा गायब असतो. तोच नेट्रिनचा रिसेप्टर आहे हे १९९६ मध्ये कळलं. पण मधेच १९९५ साली एक घोळ पुढे आला होता, तो असा की डोळ्याच्या एका स्नायूकडे जाणारे ॲक्सॉन नेट्रिन दिसलं की जवळ यायचं सोडून लांब पळतात. प्रोटीन तेच, काहींना ये म्हणतं आणि काहींना जा. पळणाऱ्यांमध्ये अन्क-५ चा रिसेप्टर असतो हे हळूहळू कळलं, पण एकच रेणू दोन्ही कामं करतो कशी हे कुणाला दिसत नव्हतं, आणि दिसणं इथे मी शब्दशः म्हणतोय.

२०१४ मध्ये ते दिसलं. हॅम्बुर्ग, बॉस्टन आणि बीजिंगच्या गटांनी मिळून नेट्रिन आणि डीसीसीचा तुकडा एकमेकांना धरून बसलेल्या अवस्थेत क्रिस्टल केला आणि त्याची रचना काढली. नेट्रिनला एक डोकं आहे, अगदी लॅमिनिनसारखं, आणि त्याखाली तीन छोट्या तुकड्यांची दांडी. (खाली आणखी एक शेपूट असते, पण ती फार वळवळते म्हणून क्रिस्टल करताना कापूनच टाकली होती.) गंमत ही की एक नेट्रिन एकाच वेळी दोन डीसीसी धरतो, दोन वेगवेगळ्या जागी. पहिली जागा दांडीच्या तिसऱ्या तुकड्यावर आहे आणि ती फक्त डीसीसीसाठी घडवलेली आहे. दुसरी जागा जरा वर आहे, तिथे पॉझिटिव्ह चार्ज खूप आहे आणि सल्फेट, क्लोराइडचे आयन मधे अडकून बसलेले दिसले, म्हणजे दोन प्रोटीन तिथे एकमेकांना घट्ट चिकटलेली नाहीत, आयनांच्या मध्यस्थीने टेकलेली आहेत. असली जागा चोखंदळ नसते. तिथे डीसीसी बसू शकतो तसाच अन्क-५ वाला रिसेप्टरही बसू शकतो. दोन्हीकडे डीसीसी असले तर ॲक्सॉन खेचला जातो, एकीकडे डीसीसी आणि दुसरीकडे अन्क-५ आला तर तोच ॲक्सॉन मागे वळतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की नेट्रिन स्वतः काहीच सांगत नाही. ये की जा हे ॲक्सॉनने अंगावर कुठले रिसेप्टर वागवलेत त्यावर ठरतं. आणि त्या दुसऱ्या जागेवरच्या सल्फेटवरून संशोधकांनी असाही तर्क केला की मॅट्रिक्समधल्या हेपरान सल्फेट नावाच्या लांबलचक साखळ्या तिथे येऊन बसत असतील आणि कुठला रिसेप्टर टेकणार हे ठरवायला मदत करत असतील. तर्क आहे, पण मला तो पटतो, कारण मग आजूबाजूचं मॅट्रिक्स नुसता भराव राहत नाही, निर्णयात भाग घेतं.

क्रिस्टल म्हणजे साखरेसारखाच ना? मग प्रोटीनचा क्रिस्टल करायला वर्षानुवर्षं का लागतात? आणि आता एआय रचना सांगतं म्हणे, मग हा उद्योग हवाच कशाला?
*— निवृत्त इंजिनियर, नाशिक*

तत्त्व तेच आहे हो, रेणू ओळीत शिस्तीने रचले की झाला क्रिस्टल. पण साखरेचा रेणू छोटा आणि कडक असतो, नेट्रिनमध्ये सुमारे सहाशे अमिनो ॲसिड आहेत, वर साखरेच्या फांद्या चिकटलेल्या, काही भाग हलते. असले रेणू रांगेत उभे राहायला तयार नसतात, शेकडो वेगवेगळ्या द्रावणांत थेंब थेंब ठेवून वाट बघावी लागते, आणि जो क्रिस्टल येतो तो डोळ्याला धड दिसत नाही इतका बारीक आणि निम्मा पाण्याने भरलेला असतो.

मायक्रोस्कोपने का नाही बघायचं, तर उजेडाची तरंगलांबी चार ते सात हजार अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि अणू एकमेकांपासून दीड-दोन अँगस्ट्रॉमवर. म्हणून एक्स-रे वापरतात, साधारण एक अँगस्ट्रॉमचे. क्रिस्टलवर ते पडले की ठिपक्यांची नक्षी उमटते, हे लाउए यांनी १९१२ मध्ये दाखवलं आणि ब्रॅग बापलेकांनी त्यातून रचना काढायची रीत दिली. पण ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, फेज, म्हणजे लाटा एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते, मात्र हरवते, आणि फेजशिवाय चित्र उभं राहत नाही. यावर एक तोड म्हणजे आधीच माहीत असलेल्या भावकीतल्या प्रोटीनची रचना उसनी घेऊन सुरुवात करायची, इथे लॅमिनिन मंडळी कामाला येतात.

एआयचं म्हणाल तर अल्फाफोल्ड जबरदस्तच आहे, त्याबद्दल २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते योग्यच होतं (डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर, आणि सोबत प्रोटीन डिझाइनसाठी डेव्हिड बेकर). पण ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, जी १९७१ पासून चालू आहे आणि जिच्यात दोन लाखांवर रचना जमल्यात, बहुतेक क्रिस्टलमधूनच. शिवाय नेट्रिनच्या दुसऱ्या जागेतले आयन २०२१ च्या अल्फाफोल्डने दाखवलेच नसते, त्यात आयनांची सोयच नव्हती, ती २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. आणि त्याच २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या निकोलोव यांच्या लॅबने सायन्स या नियतकालिकात नेट्रिनच्या रचना छापल्या, त्यात डीसीसी आणि त्याचा भाऊ निओजेनिन यांच्याबरोबर नेट्रिनची मांडणी वेगवेगळी निघाली, एकीकडे दोन-दोनची जोडी आणि दुसरीकडे न संपणारी साखळी. यातली जिवंत पेशीच्या पडद्यावर कुठली, हे नुसत्या प्रेडिक्शनवरून ठरवायला मी तरी धजावणार नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. उजव्या हाताने लिहायला लागला की डाव्या हाताची बोटंही तशीच हलतात. लोक म्हणतात नाटकं करतो. तुमच्या लेखात मिरर मूव्हमेंट असा शब्द होता म्हणून विचारते.
*— एक आई, कोल्हापूर*

ताई, आधी एक सांगतो, नाटकं तो करत नाहीये. लहान मुलांमध्ये थोडीफार अशी हालचाल अगदी नॉर्मल असते, मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल पिकत जातो तशी ती कमी होते आणि दहाएक वर्षांपर्यंत बहुतेकांची जाते. नऊ वर्षांच्या मुलात सौम्य असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण ठळक असेल, अगदी लहानपणापासून तशीच टिकून असेल, किंवा घरात आणखी कुणाला असेल तर मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना एकदा दाखवा. आणि आधी नव्हती, आत्ता सुरू झाली असेल तर लवकर दाखवा, त्याची कारणं वेगळी असू शकतात.

नेट्रिनशी संबंध असा. मेंदूतून हाताकडे निघालेले बहुतेक तंतू डोक्याच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. २०१० साली काही कुटुंबांत, त्यातलं एक कॅनडातलं फ्रेंच भाषिक होतं, असं सापडलं की डीसीसीच्या जीनमध्ये बिघाड असला की हे तंतू नीट ओलांडत नाहीत, एकाच बाजूचा मेंदू दोन्ही हातांना हुकूम देतो आणि हात आरशासारखे एकदम हलतात. २०१७ मध्ये खुद्द नेट्रिन-१ च्या जीनमधले बिघाडही अशाच लोकांत मिळाले. हे फार दुर्मीळ आहे. बुद्धीवर बहुधा काही परिणाम नसतो, त्रास होतो तो बटणं लावणं, लिहिणं, वाद्य वाजवणं अशा कामांत, आणि हात लवकर थकतात. एकाच घरात जीन असूनही कुणाला दिसतं, कुणाला दिसत नाही. बरं करणारं औषध नाही, पण शाळेत बाईंना सांगून लिहायला जास्त वेळ मागून घ्या, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

भावाचा बाइक ॲक्सिडेंट झाला, कमरेखालचं काहीच हलत नाही, दोन वर्षं झाली. एका क्लिनिकने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, नस परत वाढते म्हणाले. नेट्रिनचं इंजेक्शन देऊन वाढवता येणार नाही का?
*— एक वाचक, सातारा जिल्हा*

दादा, हे लिहायला जड जातंय पण स्पष्टच लिहितो. नेट्रिनचं असं कुठलंही इंजेक्शन नाही आणि दिलं तरी उपयोग होईल असं मानायला आधार नाही. हातापायातली नस तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने परत वाढू शकते. मज्जारज्जूत तसं होत नाही, कारण तिथल्या मायलिनमध्येच, म्हणजे ॲक्सॉनवरच्या वेष्टनातच, वाढ रोखणारी प्रोटीन असतात, आणि जखमेच्या व्रणात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट लागलेली प्रोटीन साचतात, म्हणजे तिथलं मॅट्रिक्सच आडवं येतं. वर वाईट म्हणजे वयात आलेल्या प्राण्यांच्या मज्जारज्जूतलं नेट्रिन अन्क-५ मार्फत वाढ थांबवायलाच हातभार लावतं असं २००८ मध्ये दिसलंय. गर्भात बोलावणारा तोच रेणू मोठेपणी अडवतो, कारण रिसेप्टर बदललेले असतात, वर लातूरच्या मुलीला सांगितलं ना तेच.

व्रणातल्या त्या साखळ्या एका एन्झाइमने कापून उंदरांमध्ये काही हालचाल परत आणल्याचं २००२ मध्ये लंडनच्या गटाने दाखवलं होतं. तेव्हापासून काम चालू आहे, पण माणसांसाठीचा रोजचा उपचार अजून झालेला नाही.

क्लिनिकबद्दल: आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार रक्ताच्या काही आजारांत होणारं बोन मॅरोचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पॅकेज म्हटलं तिथेच समजा. ते पैसे चांगली फिजिओथेरपी, बेडसोर होऊ नये म्हणून गादी, लघवीच्या इन्फेक्शनची काळजी आणि बरी व्हीलचेअर यावर घाला. हे ऐकायला फार थोडं वाटतं मला माहितीये, पण माणूस जगतो आणि कामाला लागतो ते यावरच.

टेसिए-लाविन्य यांनाच ना स्टॅनफर्डच्या अध्यक्षपदावरून जावं लागलं? त्यांचे पेपर मागे घेतले, मग नेट्रिनची गोष्टच खोटी ठरत नाही का?
*— मराठी वाचक, न्यू जर्सी*

हो, तेच. जुलै २०२३ मध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. चौकशी समितीचं म्हणणं होतं की त्यांनी स्वतः डेटात फेरफार केल्याचा पुरावा नाही, पण चुका लक्षात आल्यावर त्या दुरुस्त करण्यात ते कमी पडले. त्या वर्षी १९९९ चा सेल या नियतकालिकातला आणि २००१ चे सायन्समधले दोन पेपर मागे घेतले गेले, आणि हे तिन्ही नेट्रिनच्या रिसेप्टरांबद्दलचेच होते, त्यामुळे तुमचा प्रश्न आगाऊ अजिबात नाही. १९९९ च्या पेपरात तर खेचणं उलटून ढकलणं कसं होतं हाच मुद्दा होता.

पण मुळात अळीचं काम दुसऱ्या लोकांचं, १९९४ चे नेट्रिनचे पेपर मागे घेतलेल्यांत नाहीत, माणसांतले म्यूटेशन तिसऱ्यांनीच शोधले. २०१४ च्या सायन्समधल्या रचनेच्या पेपरात त्यांचं नाव आहे, हॅम्बुर्ग-बॉस्टन-बीजिंगच्या गटांच्या, न्यूरॉन नावाच्या नियतकालिकातल्या ज्या पेपराबद्दल मी वर लिहिलं त्यात नाही. शिवाय क्रिस्टलच्या रचना डेटा बँकेत उघड्या पडलेल्या असतात, शंका असेल त्याने उतरवून तपासाव्यात.

मला विचाराल तर नेट्रिनच्या गोष्टीला खरा धक्का बसला तो २०१७ मध्ये, आणि तो कुठल्याही गैरप्रकारामुळे नाही. आपण सगळे असं समजत होतो की मध्यरेषेवरच्या पेशी नेट्रिन सोडतात आणि ॲक्सॉन लांबून त्या मागावर येतात, म्हणजे गल्लीच्या टोकाला कुणी बोंबील भाजले की मांजर जशी वासावर येते तसं. पॅरिसच्या शेदोताल यांच्या गटाने आणि लॉस एंजेलिसच्या बटलर यांच्या गटाने उंदरांच्या गर्भात फक्त मध्यरेषेवरचं नेट्रिन काढून टाकलं, तरी ॲक्सॉन बिनधास्त पोचले. वाटेतल्या मूळ पेशी जे नेट्रिन बनवतात ते काढलं तेव्हा मात्र गोंधळ झाला. म्हणजे बरंचसं काम वाटेवरच साचलेल्या, मॅट्रिक्सला चिकटलेल्या नेट्रिनचं आहे, ॲक्सॉन त्याला धरून धरून सरकतात. पुढच्या दोनेक वर्षांत असं दिसलं की मज्जारज्जूत दोन्हीकडचं नेट्रिन मिळून काम करतं, त्यामुळे जुनं पुस्तक फाडायची गरज नाही, पण तो धडा नव्याने लिहावा लागेल हे नक्की.

असलं काम भारतात होतं का?
*— बीएस्सीचा विद्यार्थी, रत्नागिरी*

होतं, आणि जुनं आहे. मॅट्रिक्समधलं सगळ्यात मुबलक प्रोटीन म्हणजे कोलॅजन, त्याची तीन पदरी रचना १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी सुचवली, आणि आजही कुठलीही नवी प्रोटीन रचना तपासताना रामचंद्रन प्लॉट, म्हणजे साखळीतले कोन शक्य आहेत की नाहीत ते दाखवणारा आलेख, काढतातच, नेट्रिनचीही तशीच तपासली गेली असणार. सध्या इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे जोरदार एक्स-रे देणारं यंत्र, आहे, तिथे प्रोटीन क्रिस्टलसाठीची बीमलाइन आपल्या ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीने उभारली. एमएस्सीला बायोफिजिक्स किंवा स्ट्रक्चरल बायोलॉजी घे, आणि गणित सोडू नकोस, फूरियर ट्रान्सफॉर्म आल्याशिवाय इथे निभत नाही.

नेट्रिनची गोळी किंवा पावडर मिळते का? स्मरणशक्तीसाठी चांगली असं व्हॉट्सॲपवर आलंय.
*— एक वाचक, ठाणे*

नाही हो. नेट्रिन हे प्रोटीन आहे, पोटात गेलं तर डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचून जाईल, मेंदूपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. आणि जास्त नेट्रिन म्हणजे चांगलं असंही नाही. डीसीसी आणि अन्क-५ चे रिसेप्टर नेट्रिन मिळालं नाही तर पेशीला मरायला लावतात, त्यामुळे काही कॅन्सरच्या गाठी स्वतःच नेट्रिन बनवून तो मृत्यू टाळतात. फ्रान्समधल्या लियॉंच्या मेलेन यांच्या गटाने म्हणूनच नेट्रिनला अडवणारी एनपी१३७ नावाची अँटीबॉडी बनवली, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवर तिची पहिल्या टप्प्यातली ट्रायल झाली आणि २०२३ मध्ये नेचरमध्ये त्याबद्दल आलं, पुढच्या ट्रायल चालू आहेत. म्हणजे सध्या डॉक्टरांचा प्रयत्न आहे नेट्रिन कमी करायचा, आणि तुमच्या ग्रुपवर ते विकायला निघालेत.